थिरथिरा अजून आहे का?

डिसेंबरात येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो : हा पक्षी कोणता? माघ उतरणीला लागला की पत्रांचा सूर बदलतो. हा असं का करतोय, हा एवढा का ओरडायला लागला, परवापर्यंत होता तो कुठे गेला. मला ही दुसरी पत्रं फार आवडतात. पक्ष्याचं नाव कळल्यावर लिहिणारा खिडकीपासून उठून गेलेला नाही, हे त्यातून दिसतं. थंडी सरताना बागेत एकाच वेळी दोन गडबडी चालू असतात. पाहुणे निघायच्या तयारीत असतात आणि घरचे संसार मांडायच्या. या महिन्यात आलेले जवळजवळ सगळे प्रश्न या दोन गडबडींमधूनच आले आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या शेवग्यावर एक चिमुकला पक्षी येतो. चोच लांब आणि बाकदार. पोट पिवळं, पण अंगावर शाई सांडल्यासारखे काळे-निळे डाग. त्याला काही रोग झाला असेल का? शिवाय गेले आठ दिवस तो आमच्या स्कूटरच्या आरशावर सारख्या चोची मारतोय. थकून खाली पडेल अशी भीती वाटते. काय करावं?

उत्तर : रोग अजिबात नाही. हा शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. नर आहे. विणीचा हंगाम संपला की हा आपला निळा-जांभळा झळाळता वेष उतरवतो आणि हिवाळ्यात जवळजवळ मादीसारखा पिवळट दिसतो. फरक एवढाच, की याच्या गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा राहतो. मादीचा गळा आणि पोट साफ पिवळं असतं. थंडी कमी होऊ लागली की त्याला पुन्हा नवी पिसं फुटतात. ती एका दिवसात येत नाहीत. आज खांद्यावर चार, उद्या डोक्यावर दोन, असं करत करत काही आठवड्यांत तो पुरा काळा-निळा होतो. तुम्ही नेमका मधल्या दिवसांत पाहिलात.

माझ्या खिडकीशी शेवग्याची एक फांदी हातभर अंतरावर येते. परवा सकाळी असाच एक अर्धवट रंगलेला नर तिथे पाऊण तास होता. सावलीत असला की त्याचे डाग नुसते काळे. उन्हाच्या कवडशात मान वळवली की त्याच डागांतून हिरवा, मग निळा, मग जांभळा असे रंग सरकत जायचे. या झळाळीत रंगद्रव्याचा वाटा थोडा. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड कसा पडतो त्यावर ती ठरते, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. तो फुलात चोच घालताना मी बघण्याचं काम सोडून दुसरं काही केलं नाही. चार फुलं झाली की फांदीला चोच पुसायची, दोन्ही बाजूंनी, सुरी पाजळल्यासारखी. मध्येच एक कोळी पानाखालून उचलला. हा फक्त मधावर जगतो असा आपला समज असतो, पण कोळी आणि बारीक किडे त्याला लागतातच, आणि पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवायचे असतात.

आता आरसा. नवा वेष आणि नवा हंगाम आला की नर आपली हद्द राखायला लागतो. दुसरा नर दिसला की त्याला हाकलायचा. आरशातला नर मात्र हालत नाही, उलट जेवढा जोर लावावा तेवढा तोही लावतो. म्हणून हे भांडण संपत नाही. बंद खिडकीच्या काचेवरही हेच होतं. उपाय सोपा आहे : गाडी उभी केली की आरशांवर जुने मोजे किंवा कापडी पिशवी चढवा. खिडकी असेल तर कागद किंवा कापड बाहेरच्या बाजूनं लावा. आतून पडदा ओढून उपयोग होत नाही, कधी कधी प्रतिबिंब आणखी ठसठशीत होतं. त्याला दगड-टाळ्यांनी हाकलू नका. काही आठवड्यांनी हा जोर आपोआप ओसरतो.

आणि एक करा. मादीवर लक्ष ठेवा. ती कोळ्याची जाळी चोचीत गुंडाळून नेताना दिसली, तर जवळपास घरटं चाललं आहे. लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी, आणि बाहेरून साली, वाळकी पानं, कचरा असं काहीबाही चिकटवलेलं. तुळईला अडकलेलं जळमट समजून ते झाडूनं काढलं जाण्याची शक्यता फार असते. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : पहाटे अजून शाल लागते. तरी आमच्याकडे दयाळ इतक्या लवकर गायला लागला आहे, आणि दुपारी तांबटाची टुकटुक थांबतच नाही. पक्ष्यांना उन्हाळा आपल्याआधी कसा कळतो?

उत्तर : ते थंडी-ऊन याकडे बघतात, पण त्याहून जास्त दिवसाच्या लांबीकडे. २१-२२ डिसेंबरला उत्तर गोलार्धातला दिवस सर्वांत लहान असतो. त्यानंतर तो रोज थोडा थोडा वाढतो. थंडी पुढे महिनाभर वाढतच राहिली तरी उजेडाचा हिशेब कधीच उलटलेला असतो.

हे एका माणसानं फार सुंदर पद्धतीनं दाखवून दिलं. कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२४ च्या शरद ऋतूत त्यांनी जंको जातीचे काही पक्षी पकडून उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. तिथला हिवाळा म्हणजे शून्याच्या खूप खाली उतरणारा. रोवन रोज सूर्यास्तानंतर दिवे लावून त्या पक्ष्यांचा दिवस थोडा थोडा लांबवत गेले. बाहेर कडाक्याची थंडी असताना त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत आला. हिवाळ्यात आक्रसलेली त्यांची जननग्रंथी विणीच्या काळासारखी वाढली. ज्यांना जास्तीचा उजेड मिळाला नव्हता, त्यांच्यात हा बदल झाला नाही. पुढे हेही कळलं, की पक्ष्यांना हा उजेड फक्त डोळ्यांनी जाणवत नाही. कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूच्या खोल भागातल्या पेशी थेट टिपतात. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहावंसं वाटलं होतं.

अर्थात उजेड हा एकटाच कारभारी नाही. किडे कधी वाढणार, फळं कधी पिकणार, पाऊस कधी, यावरही प्रत्येक जातीचं वेळापत्रक बसलेलं असतं. म्हणून तांबट आता घाईत आणि सुगरण पावसाची वाट बघत.

तांबटाबद्दल एक गंमत वाटेल अशी गोष्ट, करून बघा. आवाज येतो आणि पक्षी सापडत नाही, अशी तक्रार दरवर्षी येते. तो ओरडताना डोकं या बाजूला, मग त्या बाजूला फिरवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. चोच बंदच असते, फुगतो तो गळा. पानांत शोधू नका. झाडाच्या शेंड्याकडची निष्पर्ण फांदी धरा आणि तिथे हिरवा गोळा दिसतो का ते पाहा. दुर्बीण असेल तर कपाळावरचा लाल ठिपका आणि प्रत्येक ‘टुक’ला हलणारं सगळं अंग दिसेल.

आणि म्हणूनच विनंती : झाडाची वाळलेली फांदी कोणाच्या अंगावर पडणार नसेल तर ती राहू द्या. तांबट आपलं बीळ अशाच मऊ झालेल्या लाकडात कोरतो. फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाएवढं गोल भोक आणि खाली जमिनीवर ताजा भुसा दिसला, तर यंदा तुमच्याकडे बिऱ्हाड आलं समजा.

प्रश्न : कोकीळ नेमकी कुठून येते? हिवाळाभर नव्हती.

उत्तर : होती. गप्प होती. कोकीळ आपल्याकडे बारमाही राहते, फक्त थंडीत आवाज काढत नाही, म्हणून ती नाही असं वाटतं. आता जो ‘कुहू’ सुरू होईल तो नराचा. नर काळा, डोळा लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज ‘किक् किक् किक्’ असा तुटक. पुढच्या हिवाळ्यात औदुंबर किंवा वडाला फळं असतील तेव्हा दाट पानांत दहा मिनिटं नजर लावून बघा. मुकाट्यानं फळं खाणारी कोकीळ दिसेल.

प्रश्न : पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं आहे. किती खोल भांडं हवं, कुठे ठेवावं? डास होतील म्हणून सोसायटीतले लोक हरकत घेतात. खायला काय ठेवावं?

उत्तर : पाणी आधी, खाणं नंतर. आणि खाणं नाही ठेवलं तरी चालेल.

भांडं उथळ हवं, मध्यभागी फार तर दोन इंच पाणी आणि कडेला त्याहून कमी. मातीचं पसरट भांडं उत्तम, कारण ते खरखरीत असतं. गुळगुळीत स्टीलच्या ताटात पाय घसरतात. मध्ये एखादा दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील असा. पक्षी त्यावर उतरतात आणि पाण्यात पडलेल्या मधमाशीलाही चढायला जागा मिळते. जागा अशी निवडा की चार-पाच हातांवर एखादं झुडूप असेल. फार जवळ झुडूप असलं तर मांजर दबा धरतं आणि अगदी उघड्यावर ठेवलं तर छोटे पक्षी यायला कचरतात.

डासांचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उत्तरही आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, थंडीत जास्तच. तुम्ही दर दिवसाआड पाणी ओतून, भांडं घासून, नवं भरलंत तर डास होऊच शकत नाहीत. घासायचं मात्र खरोखर. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर तळाशी शेवाळ आणि विष्ठा साठते आणि एका आजारी पक्ष्याचा आजार सगळ्यांना लागतो. महिनाभर बाहेर जाणार असाल तर भांडं पालथं घालून जा.

खाण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बाजरी-कणीसारखं धान्य मूठभर ठेवलंत तर चिमण्या आणि होले येतील, त्याला माझी ना नाही. पण पाव, बिस्किटं, फरसाण, मिठाचं काही नको. आणि शेरानं धान्य ओतून शंभर-दोनशे पारवे गोळा करणं म्हणजे पक्षिप्रेम आहे असं मला वाटत नाही. पारवे वाढले की बाकीचे पक्षी मागे हटतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीचा माणसांच्या फुप्फुसांना त्रास होतो. त्यापेक्षा एक शेवगा, एक जास्वंद, कुंपणाला एखादी वेल, आणि औषध न मारलेली चार झाडं. शिंजीर, शिंपी, वटवट्या, बुलबुल सगळ्यांचं भागतं.

पानगळीची पानंही झाडून जाळू नका. कुंपणाच्या कडेला ढीग करून ठेवा. सातभाईंची टोळी त्या ढिगाजवळ आली की काम टाकून बघा. प्रत्येक जण एक पान चोचीनं उलथून बाजूला भिरकावतो, खाली डोकावतो, पुढच्या पानाकडे वळतो. एखादा मात्र उंच फांदीवर बसून नुसता पहारा देत असतो. त्यानं आवाज केला की सगळी टोळी क्षणात झुडपात.

प्रश्न : कढीपत्त्याच्या कुंडीत पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसलं. पुसायला गेले तर ती हलली! अळ्या आहेत. झाड सगळं खाऊन टाकतील. फवारणी करू का?

उत्तर : कृपा करून नको. तुम्ही जे पाहिलंत त्यासाठीच त्या अळ्या तशा दिसतात. लिंबाचं फुलपाखरू आणि त्याच्या जवळचं मॉर्मन, दोघंही लिंबू आणि कढीपत्त्यावर अंडी घालतात. अळी लहान असते तोवर तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी, म्हणजे थेट पक्ष्याची शीट. बुलबुल शेजारी बसला तरी त्याला ती खाण्याची वस्तू वाटत नाही. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते.

गवताच्या काडीनं तिच्या डोक्यामागे अलगद स्पर्श करून बघा. एकदाच, जास्त छळू नका. डोक्यामागून शेंदरी-लाल रंगाची दोन टोकांची मऊ शिंगं एकदम बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. काही सेकंदांत ती पुन्हा आत जातात. मी हे शाळेत मुलांना दाखवायची, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची.

झाड लहान असेल तर चार अळ्यांना ते पुरतं. दहा-पंधरा असतील तर काही जणी शेजारच्या लिंबावर हलवा, पान तोडून पानासकट. पानं गेली तरी कढीपत्ता महिन्याभरात पुन्हा फुटतो. अळी एक दिवस झाडावरून नाहीशी झाली की घाबरू नका. कुंडीच्या कडेला, भिंतीवर, जवळच्या काठीवर शोधा. कोष शेपटीकडे चिकटवलेला आणि कमरेभोवती एका रेशमी धाग्यानं तोललेला असतो. हिरव्या जागी बहुधा हिरवा, वाळक्या जागी तपकिरी.

प्रश्न : फेब्रुवारीत मेंदीचं कुंपण छाटावं का? माळी आत्ताच योग्य वेळ म्हणतो.

उत्तर : झाडाच्या दृष्टीनं माळी बरोबर असेल. पण कात्री चालवण्याआधी तुम्ही स्वतः खाली वाकून, फांद्या बाजूला करून, आतून बघा. हे मी इतक्या आग्रहानं का सांगते ते लिहिते.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी आमची मेंदी छाटून घेतली. मी आत चहा करत होते. बाहेर आले तेव्हा कुंपण छान सरळ झालं होतं आणि मधोमध, उघड्यावर, बुलबुलाचं वाटीएवढं घरटं दिसत होतं. आत तीन अंडी. गुलाबीसर, त्यावर तांबूस शिंतोडे. मादी विजेच्या तारेवर बसून ओरडत होती. मी छाटलेल्या फांद्या परत वर खोचून आडोसा केला. ती आली, बसली, मला वाटलं निभावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कावळ्यानं घरटं रिकामं केलं. माळ्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पाहायला हवं होतं ते मी. त्यानंतर मी छाटणीच्या आधी दोन दिवस सकाळी कुंपणासमोर अर्धा तास बसते. कुठला बुलबुल काडी घेऊन कुठे शिरतो ते कळतं. बसलेली मादी हालत नाही, पण जोडीदाराच्या येण्याजाण्यानं जागा फुटते.

घरटं सापडलं तर तेवढा भाग सोडा. बुलबुलाची अंडी सुमारे चौदा दिवसांत फुटतात आणि त्यानंतर साधारण तेवढ्याच दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे महिनाभराचा प्रश्न. कुंपण तोवर वाकडं राहिलं तर काही बिघडत नाही.

याच्याशी जोडलेलं आणखी एक, कारण पुढच्या दोन महिन्यांत तीच पत्रं येणार आहेत. जमिनीवर पिल्लू सापडलं, अंगावर पिसं आहेत आणि टुणटुण उड्या मारतंय, तर ते हरवलेलं नाही. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्यातून बाहेर येतात. त्याला मांजर पोचणार नाही अशा जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. आई-बाप बघत असतात, तुम्ही गेल्यावर भरवायला येतात. पिल्लू उघडंबोडकं असेल आणि घरटं दिसत असेल तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. चोचीत पाणी मात्र ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं.

प्रश्न : चिमण्यांसाठी खोका लावला. दोन वर्षं झाली, एकही चिमणी आली नाही.

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. भोक फार मोठं आहे, त्यातून साळुंकीचं डोकं जाईल. चिमणीला ३२ मिलिमीटरचं पुरतं. भोकाखाली दांडी बसवली आहे ती काढून टाका, चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला बसायची सोय होते. खोका पश्चिमेच्या भिंतीवर आहे, दुपारी आत भट्टी होत असेल. सावलीच्या भिंतीवर, दोन-तीन माणूस उंचीवर लावा. आणि चिमण्या एकट्यानं राहत नाहीत, दोन-तीन खोके जवळजवळ लावलेत तर शक्यता वाढते. आत्ता लावा, एप्रिलची वाट बघू नका.

प्रश्न : दुर्बीण घ्यायची आहे. ८ बाय ४२ की १० बाय ५०?

उत्तर : बागेसाठी ८ बाय ४२. आठ पट मोठं दिसतं आणि समोरचं भिंग ४२ मिलिमीटरचं असतं. दहा पटीत हाताचा कंपही दहा पट दिसतो आणि दृश्य आक्रसतं, त्यामुळे शिंप्यासारखा सतत हलणारा पक्षी सापडत नाही. घेण्याआधी हातात धरून बघा, किती जवळचं स्पष्ट दिसतं तेही तपासा. दोन मीटरवरचं दिसलं तर फुलपाखरांनाही चालेल.

प्रश्न : फेब्रुवारीत जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते म्हणे. आमच्यासारख्या नवख्यांनी केली तर चालते का?

उत्तर : नवख्यांसाठीच ती आहे. अमेरिकेत कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ साली ती सुरू केली, २०१३ पासून ती जगभर होते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस असतात, शुक्रवार ते सोमवार. एका जागी किमान १५ मिनिटं बसायचं आणि जे ओळखता येतील ते पक्षी किती ते लिहायचं. कावळे, साळुंक्या, पारवे सगळे मोजायचे. ‘नेहमीचेच तर आहेत’ म्हणून ते सोडणं ही नवख्यांची एकमेव मोठी चूक. चिमण्यांबद्दल आपण आज एवढं हळहळतो, पण त्या सगळीकडे होत्या तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी त्या मोजल्या?

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. आमच्या कुंपणावर ऑक्टोबरपासून एक थिरथिरा येतो. छाती काळी, पोट आणि शेपूट विटकरी. शेपूट सारखं थरथरवतो. बाबा म्हणतात तो आता परत जाणार. तो कोणत्या तारखेला जाईल? मला त्याला जाताना बघायचं आहे.

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू त्याचं वर्णन इतकं नेमकं केलं आहेस की मला दुसरं काही विचारावं लागलं नाही. हा नर आहे. मादी तपकिरी असते, पण शेपूट तिचंही विटकरी आणि तेही असंच थरथरतं.

बाबा बरोबर सांगतात. हिमालय, तिबेट आणि त्यापलीकडे मध्य आशियातल्या खडकाळ डोंगरांत त्याचं उन्हाळ्याचं घर आहे. तिथे भिंतींच्या, खडकांच्या फटींत तो घरटं करतो. मार्च-एप्रिलमध्ये तो तिकडे निघतो. पण जाताना तुला तो बहुधा दिसणार नाही. बरेचसे छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. संध्याकाळी तो तुझ्या कुंपणावर असेल आणि सकाळी नसेल.

म्हणून मी तुला एक काम सांगते. पाहुणा आला त्याची तारीख सगळे लिहितात, कारण त्या दिवशी तो समोर येऊन उभा राहतो. तो गेल्याची तारीख फार थोड्या जणांच्या वहीत असते, कारण शेवटचा दिवस हा शेवटचा आहे हे त्या दिवशी कळतच नाही. तो कळण्याचा एकच मार्ग आहे. रोज लिहायचं. शाळेत जाण्याआधी पाच मिनिटं कुंपणाकडे बघायचं आणि वहीत एक ओळ : तारीख, वेळ, ‘आज आहे’ किंवा ‘आज दिसला नाही’. जमलं तर तो काय करत होता तेही. जायच्या आधी असे पक्षी भरपूर खातात, चरबी साठवतात, तेच त्यांचं प्रवासाचं इंधन. तुझा थिरथिरा जमिनीवर जास्त वेळा झेपावतोय का, संध्याकाळी उशिरापर्यंत किडे टिपतोय का, हे तुला दिसू शकेल. आठवडाभर रोज ‘दिसला नाही’ लिहिलंस की मागे वळून शेवटच्या ‘आज आहे’ला गोल कर.

मग पुढच्या ऑक्टोबरात बघ. अनेक पाहुणे पक्षी दर हिवाळ्याला त्याच बागेत, कधी कधी त्याच कुंपणावर परततात, हे त्यांच्या पायांत कडी घालून केलेल्या अभ्यासांतून कळलं आहे. ही कडी घालण्याची पद्धत नीट बसवली ती तुमच्या सरांसारख्याच एका शिक्षकानं. डेन्मार्कमधले हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसेन. १८९९ साली त्यांनी १६५ साळुंक्यांसारख्या पक्ष्यांच्या, म्हणजे युरोपातल्या स्टार्लिंगच्या, पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली, त्यावर क्रमांक आणि पत्ता होता. तुला कडी घालायची नाही. तुझा थिरथिरा कुठल्या खांबावर बसतो, कुठून झेप घेतो, कुठे रात्र काढतो, हे तू लिहून ठेवलंस तर पुढच्या वर्षी आलेला त्याच जागा वापरतोय का, हे तुला ताडून बघता येईल.

माझ्याकडेही एक आहे, मादी. गेल्या वर्षीची माझी वही आत्ता समोर उघडी आहे. २४ मार्च, सकाळी ६.४०, नळाच्या पाइपवर, आहे. २५ मार्च, ६.३५, पाइपवर, मग भिंतीवर, एक कोळी खाल्ला, आहे. २६ मार्च, ६.५०, दिसली नाही. पुढची आठ पानं तेच लिहिलेलं आहे. यंदा ती २ ऑक्टोबरला आली, त्याच पाइपवर. तीच का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण पाइप तोच.

आज सकाळची नोंद : ६.४५, आहे. तुझी मला कळव.